शपथ नको, सोबत हवी

समुपदेशक म्हणून मुलांशी बोलताना एक वाक्य मी अनेकदा ऐकते : "आईनं शपथ घातलीय, आता तिला सांगता येत नाही." स्वतःच्या शरीराला मुद्दाम इजा करून घेणारी ही मुलं. घरात कळलं, की आई रडत म्हणते, "पुन्हा असं करशील तर माझी शपथ आहे तुला." त्यामागची माया खरीच, पण शपथेनं इजा थांबत नाही, ती लपते.

"नाटकं आहेत सगळी," असंही आपण म्हणून जातो. पण नुसतं लक्ष वेधायचं असतं, तर ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालून कुणी जखमा झाकल्या असत्या का? राग, लाज, एकटेपणा असह्य झाला किंवा मन अगदी बधिर झालं, की शरीराच्या वेदनेनं क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. मग अपराधीपणा येतो आणि चक्र पुन्हा फिरू लागतं. दर वेळी मरणाची इच्छा असतेच असं नाही. तरीही पुढे आत्महत्येचा धोका वाढतो. म्हणून "मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. बोलायला वाट मिळते.

यातून बाहेर पडता येतं. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' ही उपचारपद्धती विकसित केली. भावनांची लाट ओळखायला आणि इजा न करता ती ओसरू द्यायला ती शिकवते. तरुणपणी आपण स्वतः यातून गेलो होतो, हे लिनेहान यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

घरच्यांनी काय करावं? आधी जखमेवर शांतपणे उपचार करावेत. गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यावं. "का केलंस?" असं दरडावण्याऐवजी "फार त्रास होत असेल ना?" म्हणावं. नातेवाइकांत चर्चा करू नये. मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे; तिथे चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. जिवाला धोका वाटला, तर मात्र एकटं सोडू नये. थेट रुग्णालय गाठावं.

आणि शपथेऐवजी एवढंच सांगावं : "पुन्हा तसं वाटलं तर मला उठव. रात्रीचे दोन वाजले असले तरी."