एक ‘लिंक’, चार अर्थ
(प्रभागसंघाच्या बैठकीतलं बोलणं)



‘लिंक’ हा इंग्रजी शब्द आता आपल्या रोजच्या बोलण्यात आलाय. लिंक म्हणजे कडी, जोडणं. पण जागा बदलली की अर्थ बदलतो, आणि नफा-नुकसानही.

बँकेतलं ‘लिंकेज’ म्हणजे गटाला कर्ज. नाबार्डनं १९९२ साली ५०० गटांपासून ते सुरू केलं. आज गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नसतं. हे ठणकावून सांगा.

‘आधार लिंक’ म्हणजे खात्याला आधार जोडणं. लाडक्या बहिणीचे पैसे अशाच खात्यात येतात. दोन खाती असतील, तर अनुदानासाठी आधार शेवटी जिथं जोडलं तिथं पैसे जातात. हप्ता दिसला नाही तर घाबरू नका, आधी दुसरं पासबुक भरून बघा.

कापूस-सोयाबीनच्या पेरणीत आपल्या जालना जिल्ह्यातही ‘लिंकिंग’ हा शब्द कानावर येतो. युरिया पाहिजे तर सोबत हे औषधही घ्या, अशी सक्ती. ती बेकायदेशीर आहे. पक्कं बिल मागा, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

मोबाईलवर अनोळखी नंबरवरून येणारी ‘लिंक’ मात्र सगळ्यात घातक. ‘केवायसी करा, हप्ता मिळेल’ असं लिहिलेलं असतं. माहिती भरली, ओटीपी दिला, की चोरच आपल्या खात्याला जोडला जातो. तिला बोट लावू नका. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा.

तेव्हा बायांनो, कुणी ‘लिंक करा’ म्हणलं की आधी विचारा: काय, कशाला जोडायचं? मगच सही, मगच अंगठा.