बिबट्या, ऊंस आणि सरकारी धोरण

विद्वानांचें संशोधन कपाटांत राहतें आणि सरकारचें धोरण कचेरींत ठरतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती नेहमींच खरी नसते, हें पुणें जिल्ह्यांतील जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत दिसून आलें.

कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, कालवे वाहूं लागले आणि शिवनेरीच्या मुलखांत ऊंस डोलूं लागला. शेतकऱ्याला त्यांत पैसा दिसला. बिबट्याला आसरा सांपडला. दाट फड, जवळ पाणी, वस्तीभोंवतीं कुत्रीं नि शेळ्या! पिलें उसांतच जन्मूं लागलीं. जेथें जनावर दिसे, तेथें पिंजऱ्याची मागणी होई. आणि ज्या घरांतील मूल गेलें, त्या घराला दुसरा उपाय सुचावा तरी कसा? 2001 ते 2003 या काळांत जुन्नर वनविभागांत 100 हून अधिक बिबटे धरण्यांत आले आणि त्यांतील कित्येक दूरच्या जंगलांत सोडण्यांत आले.

विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या प्रकरणाचा हिशेब मांडला. बिबटे कोठें धरले, कोठें सोडले, माणसांवर हल्ले केव्हां व कोठें झाले, हें त्यांनीं ताडून पाहिलें. स्थलांतराची मोहीम सुरू होण्यापूर्वीं वर्षाला सरासरी 4 हल्ले होत; नंतर ती सरासरी 17 वर गेली. औषधानेंच दुखणें वाढविलें होतें!

याचें कारण बिबट्याच्या स्वभावांत आहे. तो आपल्या हद्दींत राहणारा प्राणी. पकडून परक्या मुलखांत टाकला, कीं तो बावरतो, मूळ जागेकडे परतूं पाहतो आणि वाटेंत माणसांशीं गांठ पडते. इकडे रिकाम्या झालेल्या हद्दींत दुसरा बिबट्या येतोच.

हा निबंध 2011 सालीं 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयानें बिबट्यांविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट धरपकड व स्थलांतर टाळावें, नुकसानभरपाई तत्परतेनें द्यावी, पथकें शिकवून तयार करावीं, लोकांना माहिती द्यावी, असा त्यांचा रोख आहे.

परंतु सूचना निघाली म्हणजे प्रश्न मिटला असें नव्हे. त्यानंतरहि या भागांत माणसें दगावलीं आहेत. संतप्त जमावापुढें उभ्या असलेल्या वनाधिकाऱ्याला सरासरीचे आंकडे कामास येत नाहींत. धरलेलीं जनावरें माणिकडोहच्या निवारा केंद्रांत ठेवावीं म्हटलें, तर तेथील पिंजरे कांहीं अमर्याद नाहींत. काय करूं नये, हें संशोधनानें दाखविलें. बंदिस्त गोठा, रात्रीं दिवा, सायंकाळीं मुलांना एकटें न सोडणें, हीं कामें मात्र गांवानेंच करावयाचीं आहेत, आणि त्यांसाठीं लागणारा पैसा व वीज सरकारनें पुरवावयाची आहे.

शिवाय उसाचा फड आणि त्यांतील बिबट्यांची पिढी 2003 सालची राहिलेली नाहीं. जुनें उत्तर नव्या परिस्थितीला तपासूनच लावलें पाहिजे. मोजणी थांबली, कीं धोरण पुन्हां अंदाजावर चालूं लागतें; आणि अशा अंदाजाची किंमत शहरांतील वाचकाला नव्हे, तर उसाच्या कडेला राहणाऱ्या मुलाबाळांना द्यावी लागते.