किस्मत म्हणजे वाटणी



आज एकाच शब्दाविषयी बोलतो. शब्द आहे ‘ज़ीज़ा’. त्याची मूळ अक्षरे ज़्वाद, ये आणि ज़े. संपूर्ण कुरआनात हा धातू एकदाच येतो: ५३व्या सूरेत, सूरह नज्ममध्ये, २२व्या आयतीत.

धातूचा अर्थ अन्याय करणे, दुसऱ्याचा हक्क कमी करणे. ‘ज़ाज़ा’ म्हणजे त्याने हक्क मारला, ‘यज़ीज़ु’ म्हणजे तो हक्क मारतो, ‘ज़ैज़’ म्हणजे हक्क मारणे. ‘ज़ीज़ा’ हे स्त्रीलिंगी विशेषण. व्याकरणकार मूळ रूप ‘ज़ुय्ज़ा’ मानतात. पुढच्या ‘य’मुळे उकाराचा इकार झाला. ‘अब्यज़’ म्हणजे पांढरा, त्याचे अनेकवचन ‘बीज़’ होते, ते याच नियमाने. राग़िब इस्फहानींनी ‘ज़ीज़ा’चा अर्थ ‘उणी’ असा दिला, मुजाहिद यांनी ‘वाकडी’, तर कतादा यांनी ‘अन्यायी’.

उणी, वाकडी, अन्यायी काय? तर वाटणी. आयतीत वाटणीसाठी ‘किस्मा’ हा शब्द आहे. तोच आपल्याकडे ‘किस्मत’ झाला. अरबीतली वाटणी आपल्याकडे नशीब होऊन बसली!

मक्केतले लोक फरिश्त्यांना अल्लाहच्या मुली म्हणत. स्वतःला मात्र मुलगेच हवेत. मुलगी झाली की बापाचा चेहरा काळवंडे, हे १६व्या सूरेत आले आहे. जी स्वतःला नकोशी, ती देवाच्या वाट्याला. या वाटणीला कुरआनने ‘ज़ीज़ा’ म्हटले. तिथला मुद्दा तौहीदचा आहे, वारसाहक्काचा नाही, हे खरे. पण मुलगी उणी मानण्याची वृत्ती त्यात उघडी पडतेच.

वारसाहक्क चौथ्या सूरेत आहे. आईबापांच्या मालमत्तेत, ती थोडी असो वा फार, स्त्रीचा हिस्सा आहे, असे सातवी आयत सांगते. अकराव्या आयतीत मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे. निम्मा की बरोबरीचा, हा वाद आपण घालतो आणि घालत राहू. पण जो निम्मा सगळेच मान्य करतात, तो तरी बहिणीच्या हाती पडतो का? भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. मग सगळे म्हणतात, तिची किस्मत!

हक्क, हिस्सा, वारस हे आपले शब्द अरबीतूनच आले. ‘ज़ीज़ा’ तेवढा आला नाही. तो घरी घेऊन जा. सही होण्याआधी, कागद पुढे असतानाच विचारा: ही वाटणी ज़ीज़ा तर नाही ना?