पडण्याचे शिक्षण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, हिंदमाता येथे केलेले भाषण)



मंडळाच्या दुसऱ्या मजल्यावरील दालन कार्याची भांडी व मोडक्या खुर्च्या ठेवण्याच्या कामी बरीच वर्षे येत आहे. ते मोकळे करून तेथे आपल्या मुलामुलींसाठी ज्युडोचा वर्ग काढावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली असून तीवर मतभेद आहेत. कोणी म्हणतात, ही परक्यांची विद्या. कोणी म्हणतात, मुले आधीच उनाड, त्यांत मारामारीचे शिक्षण कशाला? आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत मुले शिकविली. मल्ल तर आम्ही केव्हाच नव्हतो. तरीही आम्ही या सूचनेचा पक्ष घेण्यास उभे आहोत, आणि त्याचे कारण मुख्यतः शिक्षणविषयक आहे.

ज्युडोचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षकच होते, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो क्षम्य मानावा. १८६० साली जन्मलेले हे गृहस्थ अंगाने किरकोळ. लहानपणी दांडग्या मुलांचा जाच सोसलेला. विद्यापीठात शिकत असता त्यांनी जुजुत्सू ही जुनी मल्लविद्या हस्तगत केली आणि १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तोकिओतील एइशोजी नामक बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, मोजक्या शिष्यांनिशी आपली शाळा उघडली. तीच पुढे जगप्रसिद्ध झालेली कोदोकान. ‘जुत्सू’ म्हणजे हुन्नर; तो शब्द वगळून त्यांनी ‘डो’ म्हणजे मार्ग हा शब्द योजला. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. हुन्नर दुसऱ्यावर चालवावयाचा असतो, मार्गाने स्वतः चालावयाचे असते. बळाचा उत्तमोत्तम विनियोग आणि आपले व दुसऱ्याचे परस्परकल्याण, अशी दोन सूत्रे त्यांनी या विद्येला घालून दिली. पुढे अध्यापक घडविणाऱ्या उच्च विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी अनेक वर्षे भूषविले, आणि १९०९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर जाणारे ते पहिले आशियाई सभासद ठरले.

आता या वर्गात प्रथम काय शिकवितात ते ऐका. पाडणे नव्हे, पडणे! त्याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशी टेकवून डोके सांभाळावयाचे, पाठ गोल करावयाची, श्वास सोडावयाचा, आणि अंग जमिनीस लागते त्याच क्षणी हाताचा तळवा व सबंध बाहू चटईवर सपकन आपटावयाचा. म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरून जातो. मागे पडणे, बाजूस पडणे, पुढे कोलांटी घेऊन उभे राहणे, हे शेकडो वेळा घोटून घेतल्यावाचून जाणता शिक्षक मुलाला पेच शिकवीत नाही. अंगाला हे वळण लागले म्हणजे पडण्याची भीती जाते, आणि भीती गेली म्हणजे ताठरलेले अंग सैल होऊन मूल शिकू लागते.

आम्ही हे एवढ्या विस्ताराने का सांगतो? आपल्या ज्ञातीत मुलांना चढण्याचे शिक्षण भरपूर मिळते. गुणवंतांचा सत्कार आपण दरसाल करतो, आजही केला, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्याचे नाव त्या यादीत नसते, तो मुलगा या दिवशी कोठे असतो? काही वर्षांमागे येथून हाकेच्या अंतरावरील एका चाळीतील आमचा विद्यार्थी दहावीस नापास झाला व तीन दिवस घरी आला नाही. अखेर कल्याण स्थानकाच्या फलाटावर तो सापडला. त्याला कोणी मारले नव्हते की रागे भरले नव्हते; पडल्यावर काय करावयाचे असते, एवढेच त्याला कोणी शिकविले नव्हते. ज्युडोचा वर्ग असता तर तसे घडतेच ना, असे आम्ही म्हणणार नाही. पण दर सायंकाळी पन्नास वेळा पडून पन्नास वेळा उठणाऱ्या मुलाच्या अंगी काहीएक मुरत असावे, असे आमचे शिक्षकी मन सांगते.

मारामारीच्या आक्षेपाविषयी थोडेसे. या खेळात ठोसा नाही, लाथ नाही. शिवाय ज्याला पाडावयाचे त्याची बाही पाडणाऱ्याने सोडावयाची नसते. ती धरून ठेवल्यानेच तो सुखरूप पडतो. आरंभी व अखेरीस दोघांनी एकमेकांस वाकून वंदन करावयाचे. आपल्या गल्लीतील क्रिकेटमध्येसुद्धा इतकी सभ्यता आढळत नाही!

परकी विद्या म्हणाल, तर कुस्ती व मल्लखांब आम्हांसही प्रिय आहेत. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांब कसा जतन केला, हे दादरकरांस सांगणे नलगे. परंतु तांबड्या मातीचा हौदा दुसऱ्या मजल्यावर होत नाही, आणि तालमीचे दार मुलींना बहुधा बंदच राहिले. विद्येला तर सीमा नसतेच. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले, त्याच वजनगटाचे सुवर्णपदक शोहाची इशी या जपानी मल्लाने जिंकले. हा इशी मुळचा ज्युडोचा विद्यार्थी. युद्धानंतर जेत्यांनी ज्युडोवर बंदी घातली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. रवींद्रनाथांनी तर १९२९ सालीच शिंझो ताकागाकी या शिक्षकास जपानहून शांतिनिकेतनात आणविले, आणि तेथे मुलीही ज्युडो शिकल्या. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांत मणिपूरच्या सुशीला देवीने रौप्यपदक मिळविले, तेव्हा मुलींना हे झेपेल काय, हा प्रश्न निकालात निघाला आहे. आयांची हरकत असल्यास मुलींची वेळ निराळी ठेवावी; पण त्यांना वगळून वर्ग काढावयाचा असेल, तर आमचा त्याला पाठिंबा नाही.

धोका मुळीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. डोक्यास मार लागून जपानी शाळांतही मुले दगावली आहेत. म्हणून शिक्षक प्रशिक्षित हवा, चटया जाड हव्यात, आणि गळा आवळण्याचे व सांधा पिळण्याचे डाव लहानांस शिकवू नयेत. दुसरी गोष्ट पट्ट्यांची. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे रंग हे अभ्यासाचे टप्पे आहेत. दर तीन महिन्यांनी फी घेऊन नवा रंग वाटणारा शिक्षक दारात उभा करू नये.

चटया वरच्या मजल्यावरच ठेवाव्यात, हेही सांगून ठेवतो. महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या असल्या, तरी हिंदमात्याच्या पावसावर तळमजल्याने विसंबू नये. भांड्यांची व्यवस्था जिन्याखालील खोलीत होऊ शकेल. आम्ही स्वतः मापे घेऊन पाहिली आहेत. सूचना मतास टाकली जाईल तेव्हा सभासदांनी हात वर करावेत, ही विनंती. नावनोंदणीची वही आम्ही सोबत आणली असून तीत पहिले नाव आमच्या नातीचे आहे.