बदली गडी



कामगार चळवळीतला माणूस खेळावर काय बोलणार, असे तुम्हांला वाटले असेल. पण ज्या खेळाडूला खेळायलाच मिळत नाही, त्याचा प्रश्न हा आमचाच प्रश्न आहे.

पद्माकर शिवलकरांचे उदाहरण घ्या. मुंबईचे हे डावखुरे फिरकी गोलंदाज २०२५ साली वारले. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूचे १३ गडी त्यांनी अवघ्या ३४ धावांत बाद केले. तरी भारताकडून एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. त्याच पद्धतीचे बिशनसिंग बेदी संघात होते आणि त्यांनी ६७ कसोटींत २६६ बळी मिळवले. दोष बेदींचा नव्हता. जागा एक आणि लायक माणसे दोन, असा तो पेच होता.

पेच सुटला नाही तरी दुसऱ्या माणसाची तयारी थांबत नाही. घाम तोच गाळायचा, आणि हिशेब मात्र नाही! क्रिकेटमध्ये बदली गड्याने झेल घेतला, तर बळी गोलंदाजाच्या नावे लागतो. झेल मात्र बदली गड्याच्या कारकिर्दीच्या आकड्यांत धरला जात नाही.

‘बदली’ हा शब्द मुंबईच्या गिरणीतही होता. बदली कामगाराने पाळीच्या वेळी फाटकावर हजर राहायचे. कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाही तर रिकाम्या हाताने परत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तात्पुरत्या कामबंदीची निम्मी भरपाई पुढे घालण्यात आली, पण वर्षाची सलग नोकरी भरेपर्यंत बदली कामगार तिच्या बाहेरच ठेवला गेला. वर्ष भरायला बारा महिन्यांत २४० दिवस काम लागे. फाटकावरून परतलेला दिवस त्यांत कसा धरावा?

आता अमेरिकेकडे पाहा. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा डाव चालवणारा मुख्य गडी. त्याचा बदली गडी कित्येकदा सबंध हंगाम मैदानाच्या कडेला उभा असतो. सगळे डाव त्याला पाठ असावे लागतात, कारण मुख्य गडी जखमी झाला की त्याच क्षणी उतरायचे असते. परंतु तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी करार करून किमान वेतन ठरवून घेतले आहे, आणि संघात नाव असलेल्या बदली गड्याला कडेला उभे राहूनही ते मिळते. मालक उदार झाले म्हणून नव्हे, संघटनेने मागितले म्हणून!

हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या या कनेरगाव नाक्याला वाट पाहणारी माणसे नवी नाहीत. आमचे सांगणे एवढेच: कामासाठी सज्ज राहणे हेही काम आहे. ज्याला आपण हाकेच्या अंतरावर उभे करतो, त्याची हजेरी आपण मांडली पाहिजे. बदल्याला सहानुभूती नको. हजेरीपटावर त्याचे नाव हवे आणि त्या नावापुढे दाम हवा.