गृहविहिरीची निगा



गोमंतकात घरोघर नळ आले आणि परसातील विहीर दृष्टीआड झाली. तथापि नळ कोरडा पडला की तिचेच स्मरण होते. त्या दिवशी तिचे पाणी निर्मळ असावे, यासाठी वर्षातून एकदा तिची निगा राखणे अगत्याचे आहे.

वैशाखात पाणी तळाला जाते. उपशाचा काळ तोच. गाळ व पाचोळा काढावा, चिऱ्यांच्या सांध्यांतील पिंपळाची रोपे समूळ उपटावी, कठड्याच्या भेगा बुजवाव्या. जांभा दगड सच्छिद्र असल्याने सांडपाणी त्यातून सत्वर झिरपते. म्हणून शौचकूप व गोठा किमान १५ मीटर दूर असावा.

माणूस उतरविण्यापूर्वी पेटता कंदील आत सोडावा. तो विझल्यास कोणीही उतरू नये. तो तेवत राहिला तरी कमरेस दोर आणि वर दोन माणसे हवीतच. कारण प्रत्येक विषारी वायू दिव्याने कळत नाही. आत बेशुद्ध पडलेल्यास वाचविण्यासाठी घाईने उतरणाराही प्राणास मुकतो.

पावसाळा लागताच पाणी निर्जंतुक करावे. २ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत ३ मीटर पाणी असल्यास ते सुमारे ९,४०० लिटर भरते. त्यास २४ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवून साका बसू द्यावा, वरची निवळ विहिरीत सोडून पाणी ढवळावे व किमान तासभर उपसू नये.

विहिरीस हळदकुंकू वाहण्याची रीत जुनी आहे. तिचा तळ स्वच्छ राखणे, हेही त्या पूजेचेच अंग होय.