यंदा वाचलेली काही पुस्तके

(एका तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचन प्रेरणा दिनानिमित्त जिल्हा माहिती कार्यालयातील एका अधिकाऱ्याने केलेले भाषण)



या व्यासपीठावर बोलण्यासाठी एखाद्या साहित्यिकाला अथवा समीक्षकाला बोलवावयास हवे होते. मी यांपैकी कोणीही नाही. महाविद्यालयात असताना मराठी वाङ्मय हा माझा विषय होता, परंतु नोकरीत शिरल्यावर टिपण्या, प्रसिद्धिपत्रके आणि दौऱ्यांचे अहवाल यांतच बहुतेक वाचन संपले. गेल्या वर्षी मात्र या ग्रंथालयाचा सभासद झालो आणि रात्री जेवण झाल्यावर तासभर वाचण्याची सवय पुन्हा जडली. त्या वाचनाविषयी आपल्याशी मोकळेपणाने बोलावे, एवढाच आजचा हेतू आहे. माझी मते ही एका सामान्य वाचकाची मते आहेत. ती पटली नाहीत तर पुस्तक स्वतः वाचून माझ्याशी अवश्य वाद घालावा.

ही पुस्तके मी काही योजना आखून निवडली नव्हती. कपाटात जे हाती लागले, ते वाचीत गेलो. परंतु वर्षाअखेरीस मागे वळून पाहिले तेव्हा ध्यानात आले की, या सर्व पुस्तकांनी मला एकच गोष्ट दाखविली. आपण शासकीय कामात असलेली माणसे गावाकडे टेबलाच्या एका बाजूने पाहतो. ही पुस्तके आपल्याला उठवून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसवितात.

पहिले पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी'. ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९९५ साली अमोल पालेकर यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. महाविद्यालयात असताना मी ती परीक्षेसाठी वाचली होती. परीक्षेसाठी वाचलेले पुस्तक हे बहुधा न वाचल्यासारखेच असते, याचा अनुभव या वेळी आला. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर एक कोवळ्या वयाचा शिक्षक नेमला जातो. शाळा आहे, पण मुले नाहीत. मुले मेंढरांमागे गेलेली. मूल शाळेत बसले तर मेंढरे राखायची कोणी, हा वाडीचा प्रश्न असतो आणि तो प्रश्न खोटा नसतो.

विद्यार्थी असताना मला त्या वाडीतील लोकांचे स्वभाव आवडले होते. आता नोकरीची वीस वर्षे पाठीशी असताना मास्तरांची कामाची रीत अधिक डोळ्यांत भरली. हे मास्तर प्रथम उपदेश करीत नाहीत. ते वाडीतील वृद्ध कारभाऱ्याचे ऐकतात, लोकांची पत्रे लिहितात, त्यांची बारीकसारीक कामे अंगावर घेतात. विश्वास बसल्यावर मुले शाळेत येऊ लागतात. पुढे वाडीतले लोक अंगमेहनतीने तालीम बांधतात आणि तिच्यासाठी खुद्द राजेसाहेब वाडीवर येतात. आपल्या भाषेत याला लोकसहभागातून उभे राहिलेले काम म्हणावे लागेल.

परंतु लेखक तेथे थांबत नाही. दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी रिकामी होते. ज्या शाळेसाठी एवढा खटाटोप केला, तिच्यात बसायला मूल उरत नाही. माझ्यासारख्याने हा वृत्तान्त लिहिला असता तर तालमीच्या उद्‌घाटनापाशीच लेख संपविला असता. माडगूळकर उद्‌घाटनानंतर काय झाले तेही सांगतात. म्हणूनच ती कादंबरी सत्तर वर्षे टिकली असावी, असे मला वाटते.

दुसरे पुस्तक सर्वांच्या परिचयाचे आहे. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली निघाले आणि आजही ते अनेक शाळांच्या ग्रंथालयांत असते. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला एक कृष्णवर्णीय मुलगा, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, शिक्षणासाठी वणवण करीत कृषिशास्त्रज्ञ होतो. १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून तो अलाबामातील टस्कीगी येथील संस्थेत दाखल होतो आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच काम करतो.

या पुस्तकाविषयी एक लहानशी तक्रार प्रथमच सांगून टाकतो. चरित्रनायकावर लेखिकेचे इतके प्रेम आहे की, त्याच्या अंगी एखादा दोष असू शकेल असे वाचकाला वाटतच नाही. मोठी माणसे चुकतात कशी आणि चुकीतून सावरतात कशी, हेही मुलांना कळावयास हवे. परंतु पुस्तकाचे मोल या तक्रारीने कमी होत नाही. त्या प्रदेशातील जमीन वर्षानुवर्षे केवळ कापूस घेऊन निकस झाली होती. भुईमूग, चवळी यांसारखी पिके आलटून पालटून घेतली तर जमिनीचा कस परत येतो, हे कार्व्हरने गरीब शेतकऱ्यांना पटवून दिले. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

मला मात्र त्याच्या प्रचारकार्याने खिळवून ठेवले, कारण तो माझ्या व्यवसायाचा भाग आहे. शेतकरी संस्थेत येऊ शकत नाही, तर संस्थेने शेतकऱ्याच्या बांधावर गेले पाहिजे, या विचाराने १९०६ साली टस्कीगीहून एक फिरती शेतीशाळा निघाली. जनावरे जुंपलेल्या त्या गाडीत अवजारे आणि प्रात्यक्षिकाची साधने होती. कार्व्हरच्या पुस्तिकाही अशाच व्यवहारी होत्या. १९१६ सालच्या त्याच्या एका पुस्तिकेत भुईमूग कसा लावावा हे सांगून पुढे त्याचे खाण्याचे १०५ प्रकार दिले आहेत. नवे पीक घरात आले तर ते खावे कसे, हा घरातील स्त्रीचा प्रश्न त्याने ओळखला होता. आपण किती घडीपत्रिका काढतो आणि त्यांतील किती पत्रिका वाचणाऱ्याच्या प्रश्नापासून सुरू होतात? मी माझ्या कार्यालयातील जुन्या घडीपत्रिका काढून पाहिल्या. बहुतेकांचा आरंभ योजनेच्या नावाने आणि शासन निर्णयाच्या दिनांकाने झाला होता.

यापुढील दोन पुस्तकांविषयी एकत्रच बोलतो, कारण ती मी एकापाठोपाठ वाचली आणि ती तशीच वाचावीत अशी माझी शिफारस आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा, तर दया पवारांचे 'बलुतं' १९७८ सालचे.

'गावगाडा' हा आपल्या खेड्याच्या अभ्यासाचा आद्य ग्रंथ मानला जातो. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आलुतेदार, फिरस्ते यांचा संबंध कसा होता, कोणाचा हक्क काय आणि काम काय, याची एवढी बारकाईची नोंद मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. आत्रे शेतकऱ्याच्या खळ्यावर उभे राहून हिशेब मांडतात. घाम गाळून पिकविलेल्या धान्यातून कोण किती नेतो आणि शेवटी कुणब्याच्या पदरात काय पडते, हा त्यांचा कळकळीचा प्रश्न आहे. प्रत्येक ग्रामसेवकाने हा ग्रंथ एकदा तरी वाचावा. मात्र भटक्या जमातींविषयी त्यांनी काढलेले उद्गार आज वाचताना मन अवघडते. मागणाऱ्याच्या हाताकडे त्यांचे लक्ष गेले. तो हात पुढे करण्याची पाळी त्याच्यावर का आली, तिकडे पुरेसे गेले नाही.

जे तेथे सुटले, ते 'बलुतं' मध्ये सापडते. हे पुस्तक मी अनेक वर्षे टाळीत आलो होतो, हे प्रांजळपणे कबूल करतो. वाचून वाईट वाटेल, आता त्या गोष्टी मागे पडल्या, अशी कारणे मी स्वतःला सांगत असे. खळ्यावरील ज्या धान्याचा आत्रे यांनी हिशेब केला, तेच धान्य मागण्यासाठी पदर पसरून उभ्या राहणाऱ्या घरातील मुलगा येथे बोलतो. त्या धान्याच्या बदल्यात महारांनी करावयाच्या कामांना वेळेचे बंधन नव्हते. निरोप पोहोचविणे, दवंडी देणे, मेलेली जनावरे ओढणे, गावात आलेल्या अधिकाऱ्याच्या घोड्याची निगा राखणे, अशी ती कामे होती. शेवटचे काम वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून ठेवले. तो घोड्यावरून आलेला अधिकारी म्हणजे आपणा सर्वांचा पूर्वसुरी होय. कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने नाहीशी झाली. परंतु दौऱ्यावरील साहेबासाठी गावातील कोणी एकाने दिवसभर तिष्ठत राहावे, ही अपेक्षा आपल्या मनातून पूर्णपणे गेली आहे काय, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. पवारांनी स्वतःलाही कोठे सोडलेले नाही. आपले भित्रेपण, आपल्या चुका त्यांनी लपविल्या नाहीत. म्हणून त्यांनी आपल्याला प्रश्न विचारला तर रागावण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

शेवटचे पुस्तक विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. धरणाखाली गेलेल्या गावाची ही कथा महसूल खात्यात काम केलेल्या अधिकाऱ्याने लिहिली आहे. भूसंपादनाचा निवाडा, मोबदला, पर्यायी जमीन, नवे गावठाण हे शब्द आपल्याला रोजचे आहेत. त्या शब्दांच्या आत माणसे कशी चिरडली जातात, मोबदल्याचे पैसे कोणत्या वाटांनी नाहीसे होतात, हे त्यांनी आतल्या माणसाच्या माहितीने दाखविले आहे. कादंबरी मला काही ठिकाणी लांबलेली वाटली आणि तिच्यातील दुष्ट माणसे जरा जास्तच दुष्ट वाटली. पण धरणग्रस्तांसाठी झिजणारे खैरमोडे गुरुजी मनातून जात नाहीत.

येथे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. सुमारे बारा वर्षांपूर्वी मी एका पुनर्वसित गावठाणावर यशकथा लिहिली होती. घरांची संख्या, नळयोजना, शाळेच्या खोल्या, अंतर्गत रस्ते, असा सगळा तपशील तिच्यात होता व तो खराही होता. गावातून निघताना एक आजीबाई माझ्या गाडीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, घर दिलं, रस्ता दिला. पर हितं मानूस मेलं तर न्यायचं कुठं, तेवढं इचारून सांगा." शेजारच्या मूळ गावाने आपली स्मशानभूमी वापरू देण्यास नकार दिला होता आणि नवी अद्याप झाली नव्हती. मी "विचारतो" म्हणालो. यशकथेत त्या वाक्याला जागा नव्हती, म्हणून ते मी लिहिले नाही. आणि लिहिले नाही, म्हणून पुढे विसरलोही.

'झाडाझडती' वाचताना ते वाक्य मला पुन्हा ऐकू आले. गेल्या महिन्यात मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावी गेलो. आजीबाई आता हयात नाहीत. स्मशानभूमी झाली आहे, शेडही आहे. हे काम कसे झाले म्हणून चौकशी केली, तेव्हा कळले की एक निवृत्त शिक्षक आणि ग्रामपंचायतीच्या एक महिला सदस्य यांनी पाच वर्षे कार्यालयांचे उंबरठे झिजविले. माझ्या लेखाचा त्यात काहीही वाटा नव्हता. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, पुढे १९८६ व १९९९ साली नवे कायदे आले. कायदा चांगलाच आहे. परंतु आजीबाईंचा प्रश्न कागदावर येण्यासाठी तो कोणीतरी ऐकून लिहून घ्यावा लागतो. ते काम माझे होते.

मित्रहो, पुस्तके वाचून अधिकारी एकदम चांगला होतो, असा माझा दावा नाही. वाचनाने एवढेच होते की, समोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या मागे एक घर आहे, एक खळे आहे, एक बुडालेले गाव आहे, याचे भान सुटत नाही.

जाता जाता तीन विनंत्या करतो. पंचायत सदस्यांना विनंती अशी की, आपल्या गावातील ग्रंथालयाकडे एकदा स्वतः जाऊन पाहावे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे आपल्या राज्यात अनुदानित ग्रंथालये खेडोपाडी पोहोचली आहेत. परंतु कपाटाची किल्ली कोणाजवळ असते आणि कपाट आठवड्यातून किती वेळा उघडते, हे अनुदानाच्या आकड्यावरून कळत नाही. शिक्षकांना विनंती अशी की, आठवड्यातून एक तास मुलांना पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्यावर प्रश्नपत्रिका काढू नये. आणि माझ्या अधिकारी बंधुभगिनींना विनंती अशी की, दौऱ्याच्या दैनंदिनीत एक पान राखून ठेवावे. अहवालात ज्याला जागा नाही, परंतु कोणीतरी गाडीपाशी येऊन सांगितले, असे वाक्य त्या पानावर लिहावे आणि पुढच्या दौऱ्यापूर्वी ते पान उघडून पाहावे.

मी ते पान या महिन्यापासून राखले आहे. आजपर्यंत त्यावर चार वाक्ये जमली आहेत आणि त्यांपैकी एकाचे काम झाले आहे. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!